वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पद्मिनीचं इंजिन पुन्हा कसं चालू करावं

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये फिरलात तर कव्हरखाली झाकलेली एखादी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, अजून दिसते, आणि मालक ती चालू करायची म्हणून पहिलं काय करतो तर नवीन बॅटरी आणतो आणि सेल्फ मारतो. हे आज्जिबात करू नका. बंद असताना सिलिंडरच्या आत गंज चढलेला असू शकतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, त्यात खाडीची दमट हवा, मग सेल्फने जबरदस्ती फिरवलं की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतात आणि साध्या सर्व्हिसिंगचं काम बोअरिंगपर्यंत (सिलिंडर आतून कातून घेण्यापर्यंत) जातं. चावी अगदी शेवटी.

आधी बॉनेट उघडून वायरिंग बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर सापडणारच असं धरून चाला, एअर फिल्टरच्या डब्यातही घरटं असतं. मग चारही स्पार्क प्लग काढा, वायरींवर नंबर टाकून ठेवा (फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२), आणि प्रत्येक भोकातून एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. काही मेकॅनिक निम्मं डिझेल मिसळतात, तेही चालतं. भोकांवर फडकं ठेवून किमान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने हळूच फिरवा. हललं तर ठीक, नाही हललं तर पान्यावर पाइप चढवून जोर लावायचा नाही, परत तेल आणि परत थांबायचं. आठवडा गेला तरी चालेल, तरीही हललं नाही तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावंच लागतं.

इंजिन हाताने मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा. चहासारखं दुधाळ निघालं तर त्यात पाणी गेलंय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय, तिथे थांबा आणि मेकॅनिकला दाखवा. नुसतं काळं असेल तर नवीन २०डब्ल्यू-५० भरा, फिल्टर बदला.

आता पेट्रोल, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात) बसतो. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, आत गंज असेल तर खाली उतरवून. कार्बोरेटर उघडा, फ्लोटची वाटी साफ करा, जेट काढून उजेडासमोर धरा, आरपार दिसलं पाहिजे, भोकात तार घालायची नाही, कार्बोरेटर क्लीनर आणि हवा मारा. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सहन होत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही (आतला पडदा) त्याच फेरीत बदलून घ्या. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा, जुना पार्ट सोबत घेऊन जा, तोंडी सांगून भलतंच हातात पडतं.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, रेडिएटरमधलं पाणी बदला, होज पाइप दाबून बघा, कडक किंवा तडकलेला असेल तर नवा टाका.

आता बॅटरी जोडा, पण प्लग अजून बाहेरच, आणि कॉइलची वायर काढलेली. सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. मग प्लग आणि वायर लावा, एका बाटलीतून ताजं पेट्रोल थेट पंपाला द्या (टाकी नंतर जोडता येईल), चोक ओढा आणि चावी फिरवा. हे काम उघड्यावर करा, बेसमेंट पार्किंगमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. सुरुवातीला निळसर धूर येईल, ते आपणच ओतलेलं तेल जळतंय. रेस करू नका. दिवा परत पेटला किंवा ठकठक आवाज आला तर लगेच बंद.

इंजिन चाललं म्हणून घोडबंदर रोडला निघू नका, ब्रेकचे व्हील सिलिंडर बहुतेक जाम असतात, तेवढं काम आधी. आरसी रिन्यू आहे का, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू आहे का तेही बघा, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला.