जीन सायलेन्सिंगचा फॉरवर्ड आलाय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात गुहागरला गेलो होतो. खळ्यात बसल्या बसल्या काकांनी मोबाईल पुढे केला. "हे बघ, प्रोस्टेटच्या कॅन्सरवर जीन गप्प करणारं इंजेक्शन आलंय." त्यांचं याच कॅन्सरसाठी तीन महिन्यांनी घ्यायचं, हार्मोन रोखणारं इंजेक्शन आठवडाभर राहून गेलं होतं. "आता एकदम नवीनच घेऊ!"

सगळ्यांत महागात पडणारी चूक ती हीच. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे १९४१पासून माहीत आहे. इंजेक्शन ती रसद तोडतं. आपल्या मनाने खंड पाडला की रसद पुन्हा सुरू होऊ शकते. आणि जीन सायलेन्सिंगचं एकही औषध प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अजून मंजूर नाही. दुसऱ्या दिवशी काकांना राहिलेल्या इंजेक्शनसाठी चिपळूणला नेलं, तेही कुरकुरतच.

"जीन कापून टाकतात" हाही गैरसमजच. मी काकांना सातबाऱ्यावरून सांगितलं. मूळ नोंद म्हणजे डीएनए, तिची बाहेर आलेली नक्कल म्हणजे एमआरएनए. सायलेन्सिंगमध्ये नोंदीला हात लागत नाही, नक्कल तेवढी फाडली जाते. प्रोस्टेटच्या बाबतीत बहुतेकदा डोळा असतो अँड्रोजन रिसेप्टरच्या नकलेवर. हार्मोनचा निरोप हाच रिसेप्टर पेशीला पोचवतो. पण नोंद शाबूत, त्यामुळे नवी नक्कल निघतच राहते; म्हणून एका डोसात काम संपत नाही.

"दुसऱ्या आजारात चालतं, मग इथे का नाही?" प्रश्न रास्त आहे. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे आरएनएआय (पेशीच्याच यंत्रणेकडून नक्कल फाडून घ्यायची पद्धत) या जातीचं पहिलं औषध. ते लिव्हरमध्ये काम करतं, आणि रक्तातून आलेलं औषध लिव्हर सहज ओढून घेतं. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या गाठीपर्यंत असं औषध पुरेसं पोचवणं, खरं घोडं तिथे पेंड खातं. नक्कल अडवणारंच, पण वेगळ्या पद्धतीचं कस्टर्सेन तर मोठ्या चाचणीपर्यंत गेलं होतं. केमोसोबत देऊनही रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. फॉरवर्डमध्ये ही ओळ नसते.

कोणी "ट्रायलमध्ये घालतो, एवढे भरा" म्हणालं, तर सीटीआरआय (औषधचाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद तिथे लागते, ती वेबसाइटवर कुणालाही बघता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. क्रमांक मिळाला तरी आधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टना दाखवा, सही त्यानंतर.