शंखी मारायला दुसरी शंखी आणू नका

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की उन्हाळाभर मातीत अन् दगडांच्या ढिगाखाली कवचाचं तोंड बंद करून निजलेल्या शंखी, म्हणजे शंखी गोगलगायी, जाग्या होतात. सोयाबीन दोन पानांवर असतानाच त्या धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, वावरात शिरतात, सकाळी पाहावं तर नुसते दांडे उभे. संत्र्याच्या बागेत खोडावर चढतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे यांच्यामुळे काही जणांवर दुबार पेरणीची पाळी आली होती.

हल्ली काही जण विचारतात, "शंखी खाणारी शंखी असते म्हणे, कुठं मिळंल?" असते. गुलाबी-तपकिरी, लांबुळक्या कवचाची, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तोंडापाशी मिशांसारखे ओठ असतात. त्यांनी चिकट माग काढत ती सावज गाठते आणि लहान गोगलगाय कवचासकट गिळते. ऐकायला बरं वाटतं. १९५५ मध्ये हवाई बेटांवर आफ्रिकन शंखीच्या बंदोबस्तासाठी तिला सोडलं. मोठ्या शंखीचं फारसं बिघडलं नाही. झाडांवरच्या बिचाऱ्या स्थानिक गोगलगायी मात्र तिनं फस्त केल्या. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये सोडली, दहा वर्षांत तिथल्या झाडगोगलगायी रानातून जवळपास संपल्या. आणि आपली शंखी तरी कुठं इथली? आफ्रिकेची, १८४७ मध्ये एका साहेबानं मॉरिशसहून कलकत्त्याच्या बागेत आणली. एवढी हौस पुरे.

आपला उपाय बारदानाचा. दिवेलागणीला गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं धुऱ्यानं सात-आठ पावलांवर टाका. ऊन चढायच्या आत उलटून पाहा, खाली गोळा झालेल्या शंखी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मग खड्ड्यात पुरा. हातमोजे घालाच, यांच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारी कृमी असू शकते. मीठ वावरात फेकू नका, जमीन नासते. धुऱ्याची मऊ माती उकरली की साबुदाण्यासारख्या पिवळसर-पांढऱ्या अंड्यांचा पुंजका सापडतो, कधी शे-दोनशेचा, तिथंच चिरडा. शेजाऱ्यानं हात हलवला नाही तर आठवड्यात त्याच्या धुऱ्यावरून पुन्हा येतात, म्हणून दोन-चार वावरं मिळून एकाच संध्याकाळी बारदानं टाका.

बांधाकडेला कोरड्या चुन्याचा पट्टा चालतो, पण पाऊस आला की पुन्हा टाकावा लागतो. एवढं करूनही आवरलं नाही तरच मेटाल्डिहाइड या गोगलगायीच्या विषाच्या २.५ टक्के गोळ्या, एकरी २ किलो, पाऊस उघडल्यावर संध्याकाळी. त्या दिवसांत गुरं, कोंबड्या तिकडे सोडू नका, आणि कुत्रं बांधून ठेवा. ते या गोळ्या खातं अन् मरतं.