मीटिंगमध्ये बोलायच्या आधी छातीत धडधडतं, तेव्हा काय करावं?

काम चोख झालेलं असतं, आकडे तोंडपाठ असतात, तरी "आता तुम्ही सांगा" म्हटलं की घशाला कोरड पडते. अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, म्हणून हृदय धावतं आणि तळहातांना घाम सुटतो. यात तुमची लायकी कुठेच ठरत नाही.

आदल्या दिवशी तोंडाने सराव करा. मनातल्या मनात वाचून भागत नाही. उभं राहून, आवाज काढून बोला. सगळं पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. पहिली दोन वाक्यं मात्र घोटून ठेवा. ती पार पडली की बहुतेकांचा आवाज स्थिरावतो. नकोसे वाटणारे दोन-तीन प्रश्न आधीच काढून त्यांची उत्तरंही बोलून पाहा.

बोलायच्या आधी श्वास लांबवा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांब हवं. धडधड पूर्ण थांबायची वाट पाहू नका.

तुमची भीती इतरांना फारशी दिसत नाही, हे स्वतःला आठवून द्या. मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना जाणवत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली, त्यांची भाषणंच जास्त चांगली झाली. म्हणून "मी जरा घाबरलोय" अशी माफी मागत सुरुवात करू नका.

मध्येच सुचेनासं झालं तर थांबा. पाण्याचा घोट घ्या, कागद बघा, "एक मिनिट, आकडा पाहून सांगते" म्हणा. तुम्हाला युगासारखी वाटणारी ती शांतता इतरांसाठी दोन-तीन सेकंदांची असते.

नंतर लगेच स्वतःची झडती घेऊ नका. काय जमलं ते आधी लिहा, मग पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट. आणि पुढची मीटिंग टाळू नका. टाळल्यावर सुटल्यासारखं वाटतं खरं, पण भीती तिथेच मुरते. भाषण झेपत नसेल तर निदान एक प्रश्न विचारा.

कित्येक आठवडे झोप उडाली असेल किंवा या धास्तीने रजा टाकाव्या लागत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, अशा भीतीत चांगला उपयोग होतो. मित्राने सुचवलेली प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी मात्र परस्पर घेऊ नका. धडधड कमी करणारं हे औषध दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतं.