मणका दबलाय? सिमेंट भरण्याआधी या चुका टाळा

वावरात कापसाचं गाठोडं उचललं, पाठीत कट्‌कन वाजलं आणि घरच्यांनी ठरवलं, उसण भरली. साठी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत असं परस्पर ठरवू नका. हाडं ठिसूळ असतील तर पाण्याचा गुंड उचलताना किंवा एसटीच्या मागच्या सीटवर दणका बसूनही मणका दबतो, म्हणजे चेपून मोडतो (फ्रॅक्चर). शेक घ्या हवा तर, पण पाठ तुडवून घेणं किंवा झटका देऊन ‘बसवणं’ नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एक्स-रे पाहून थेट सिमेंटला, म्हणजे दबलेल्या मणक्यात सुईने हाडांचं सिमेंट भरायला, होकार देणं. मणका परवा दबला की पाच वर्षांपूर्वी, हे एका एक्स-रेवरून बहुतेकदा कळत नाही, आणि जुन्या, जुळून आलेल्या मणक्यात सिमेंट भरून दुखणं जात नाही. एमआरआयमध्ये ताज्या फ्रॅक्चरच्या हाडातली सूज दिसते. टीबी किंवा कॅन्सरचा संशयही तिथेच येतो. संध्याकाळचा ताप, घटतं वजन असेल तर आधी सांगा. जंतुसंसर्ग झालेल्या मणक्यात सिमेंट भरत नाहीत. नागपूरला किंवा सेवाग्रामला हॉस्पिटलात जाताना जुन्या फिल्म पिशवीत टाका. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

पेशंटला पालथं झोपवून, सी-आर्म या चालत्या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत सुई मणक्यात नेतात आणि सिमेंट सोडतात. ही व्हर्टेब्रोप्लास्टी, आधी फुगा फुगवून जागा केली तर कायफोप्लास्टी. १९८४ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या उपचाराला २००९ मध्ये धक्का बसला: दोन चाचण्यांत सिमेंट न भरता केलेल्या खोट्या प्रक्रियेनेही तेवढाच आराम पडला. म्हणून घाई नको. बहुतेकांचं दुखणं औषधांनी ६ ते १२ आठवड्यांत उतरतं. फ्रॅक्चर ताजं आहे, औषधं घेऊनही कूस बदलवत नाही, तेव्हा सिमेंटचा विचार करावा, असं माझं मत. मात्र पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

महिनाभर खाटेवर पडून राहणंही चूकच, त्याने हाडं आणखी झिजतात. दुखणं थांबलं की लोक औषधंही सोडतात. सिमेंटने एक मणका सावरतो, ठिसूळपणा तसाच राहतो आणि पुढे शेजारचा मणका दबू शकतो. डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आणि हाडांची औषधं ठरवून घ्या. सांधेदुखीसाठी आणलेल्या बिननावाच्या पुड्याही डॉक्टरांना दाखवा. त्यांत स्टेरॉइड असलं तर हाडं पोखरायला तेच पुरेसं आहे.