पुढे ओरिजिनल, मागे साधे

भर पावसात सायकलने चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला पोचलो, तर मागच्या डिस्क ब्रेकमधून खर्र खर्र. पॅड काढून पाहिले: डिस्कवर घासणारा मसाला 0.5 मिमीही उरला नव्हता. तांबडी माती आणि पाणी एकत्र आलं की रेझिन पॅड (मेटलपेक्षा मऊ मसाल्याचे) पॉलिश पेपरवर घासल्यासारखे झिजतात.

ओरिजिनलच्या निम्म्या किमतीत साधे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे, पॅड मिळत होते. मेटलचे घ्यायचा मोह झाला, पण माझ्या डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलंय. मेटल पॅड ती डिस्कच खाऊन टाकतील. म्हणून साधे रेझिन घेतले. पॅड दाबणारे पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने मागे सारले, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. तरी एक पॅड अडकत होता. त्याच्या पाठच्या पत्र्याच्या कडेला रंगाचा जाड थर! कानस दोनदा फिरवली, सुळकन बसला.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता, हळूहळू ब्रेक दाबला. हे टाळून लोक पॅडला शिव्या घालतात.

पुढच्या चाकाला मात्र ओरिजिनलच ठेवलेत. उतारावर खरा भार त्याच्यावर येतो, तिथे कंजुषी नको. मागचे साधे गणपतीपर्यंत टिकले तरी पैसे वसूल.