डायल-अप सर्व्हरचे डीएसपी सांभाळताना या चुका टाळा

कॉल तुटायला लागले की नवशिक्याचा हात थेट डीएसपी (मोडेमचं काम करणाऱ्या चिप) कार्डाकडे जातो. आधी लाइन बघायची असते, हे कितीही वेळा सांगा.

नेहमीचा प्रसंग असा. सिस्को एएस ५४०० मध्ये १०८ पोर्टांचं एक कार्ड (१८ एसपीई म्हणजे डीएसपीचे घटक, प्रत्येकात ६ पोर्ट) आणि तीन ई-वन (एक्स्चेंजकडून येणाऱ्या डिजिटल लाइन). मोडेम जुळतात, दोन-चार मिनिटं रिट्रेन होत (लाइनशी पुन्हा जुळवून घेत) राहतात आणि पडतात. मग 'क्लिअर एसपीई' (एसपीई रीसेट), मग नवं फर्मवेअर, शेवटी कार्डच नवं. तक्रार जागच्या जागी! पडलेल्या कॉलची यादी मांडली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं: पोर्ट कार्डभर विखुरलेले, पण ई-वन प्रत्येक वेळी तोच. डीएसपी खराब असता तर उलट दिसलं असतं, म्हणजे पोर्ट तेच आणि ई-वन वेगवेगळे.

आता 'शो कंट्रोलर्स ई-वन' बघा. त्यात १५-१५ मिनिटांचे हिशेब असतात; 'स्लिप सेक्स' (स्लिप झालेले सेकंद) शून्यच हवं. दोन टोकांच्या घड्याळांत एक पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक असला तरी दर १२५ सेकंदांना एक स्लिप होते, म्हणजे प्रत्येक चॅनलचा एक नमुना गळतो किंवा दोनदा येतो. बोलणाऱ्याला बारीकसा टक् ऐकू येतो, व्ही.९० (५६के) मोडेमची मात्र गाडी घसरते. 'टीडीएम क्लॉक प्रायॉरिटी' लावून क्लॉक एक्स्चेंजच्या लाइनवरून घ्या, फ्री-रनवर (सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळावर) सोडू नका. नंतर तासभर हात बांधून बसा. १५-१५ मिनिटांचे चारही हिशेब शून्य आले की मगच पुढचं.

दुसरी खोड 'शटडाउन'ची. एसपीई काढायचा म्हणून भर गर्दीत शटडाउन दिलं की चालू कॉल तिथेच मरतात. 'बिझीआउट' द्या, चालू कॉल संपतात, नवे येत नाहीत. वेळ लागतो, लागू दे. वीस मिनिटं थांबवत नसतील त्यांनी दुसरं काम शोधावं.

एखादाच पोर्ट बिघडला तर तो कॉल लगेच टाकतो, म्हणून लगेच मोकळा होतो आणि गर्दीच्या वेळी पुढचा कॉलही त्याच्याच गळ्यात पडतो. एक पोर्ट, पण तक्रारी दहा. पोर्टवार यशस्वी-अयशस्वी कॉल बघून तेवढाच बिझीआउट करा.

'एसपीई कंट्री' (देशाची सेटिंग) न तपासणं: ई-वनवर ए-लॉ, टी-वनवर (अमेरिकी पद्धतीच्या लाइनवर) म्यू-लॉ; या आवाजाचे आकडे करायच्या दोन पद्धती. चुकलं तर मोडेम नीट जुळणारच नाहीत. बदलताना सगळे पोर्ट रिकामे लागतात.

फर्मवेअर चढवून निघून जाणं तर फारच. बिझीआउट पद्धतीत कॉल चालू असलेला एसपीई जुन्याच आवृत्तीवर थांबून राहतो. दुसऱ्या दिवशी 'शो एसपीई व्हर्जन' घ्या आणि अठराच्या अठरा ओळी वाचा.