रक्त तपासायला देताना काय बघाल?

लॅबच्या बऱ्याचशा चुका रक्त मशीनपर्यंत पोहोचायच्या आधीच होऊन बसतात. त्यातल्या काही आपल्याला खुर्चीत बसल्या बसल्या टाळता येतात.

तयारी आदल्या रात्रीपासून. उपाशीपोटी शुगरसाठी किमान 8 तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं. चहा मात्र बिनसाखरेचाही नको. जेवणानंतरच्या शुगरचे 2 तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, थायरॉइडचे आकडे त्यामुळे फसवे येऊ शकतात.

रक्त घ्यायला आलेल्या माणसाने तुमचं पूर्ण नाव तुमच्याच तोंडून वदवून घ्यावं. ‘तुम्ही पाटील ना?’ ही ओळख पटवायची रीत नाही. एकाच सोसायटीत चार पाटील असतात.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त देऊ नका. दंडाला पट्टा बांधला की तो मिनिटभराच्या आत सुटला पाहिजे. स्पिरीट वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही. शीर सापडत नाही म्हणून ‘मूठ उघडा-मिटा’ सांगतात, ते टाळा. त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. मूठ एकदाच हलकी मिटलेली पुरे.

पोटॅशियम हा तसा नाजूकच प्रकार. सिरिंजमधलं रक्त सुईतून जोराने ट्यूबमध्ये ढकललं की रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. त्याचा अंश दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. म्हणून बुचाच्या रंगाप्रमाणे ट्यूबचा क्रम ठरलेला: आधी रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी, मग लाल किंवा पिवळी, नंतर जांभळी, शेवटी शुगरची राखाडी. ‘थोडं या ट्यूबमधलं त्यात ओततो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असं माप असतं. जांभळी आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची, खळखळून हलवायची नाही.

ट्यूबवर नाव तुमच्यासमोरच लिहिलं जायला हवं, बाहेर स्कूटरवर बसून नव्हे. तोवर तुम्ही हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा. कोपरात हात दुमडला की तिथे काळं-निळं होऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ दाबा. चक्कर येते असं वाटलं तर लगेच आडवे व्हा.

नमुना लॅबमध्ये कधी पोहोचणार, हेही विचारा. रक्तातल्या पेशी वेगळ्या न करता ते तासन्‌तास बॅगेत फिरलं की साध्या ट्यूबमधली शुगर घटत जाते आणि पोटॅशियम चढतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (रक्तपेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. पण पोटॅशियम फार जास्त आलं असेल तर ते खोटंच असेल असं धरून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.